फळीखालचं पाणी

बोटीतली ती एक फळी उचलायची नसते. इंजिनाच्या पुढे, बरोब्बर मधोमध, दोन बोटं जातील एवढं भोक पाडलेली. ती जागच्या जागी आहे तोवर बोट म्हणजे खारा वारा, वर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि सुवर्णदुर्गाच्या अंगाला बुडणारा सूर्य. ती उचलली की खाली काळपट, तेलकट, आपल्याच तालात इकडून तिकडे डुचमळणारं पाणी दिसतं; आणि ज्याने फळी उचलली त्याचं ते पाणी होतं. असा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण अख्ख्या किनाऱ्याला तो पाठ आहे. मला तो उशिरा कळला. मला वाटायचं, फळीला भोक आहे म्हणजे ती उचलायसाठीच असणार.

हर्णैच्या बंदरात संध्याकाळी लिलावाच्या वेळी जाऊन बघा. ओळीने लागलेल्या नौका, नाळेवर देवाचं नाव, कडेने चकचकीत रंग, वर फडफडणारे झेंडे. कुठल्याही नाखव्याला इंजिनाबद्दल विचारा, अर्धा तास बोलेल. जाळ्याबद्दल विचारा, चहा पाजेल. आणि हळूच विचारा, "तळात पाणी किती येतं हो?" नाखवा एकदम लिलावाकडे वळेल. त्याला अचानक सुरमईचा भाव ऐकायचा असतो.

आमची बोट मासेमारीची नाही. निदान आता नाही. एका नाखव्याने फायबरची नवी नौका घेतली, तेव्हा त्याच्या जुन्या लाकडी होडीवर माझ्या मेव्हण्याचा जीव जडला. "आपण पर्यटकांना डॉल्फिन दाखवू," तो म्हणाला. मग साडू आले, मी आलो, आणि मेव्हण्याचा एक मित्र आला. हा मित्र भागीदार आहे की पाहुणा, ते अजून ठरलेलं नाही. नफा वाटायची वेळ आली की भागीदार असतो, डिझेल भरायची वेळ आली की पाहुणा. नफ्याची वेळ अजून आलेली नसल्यामुळे तो सध्या बराच काळ पाहुणाच आहे. बोट आंजर्ल्याच्या खाडीत असते आणि चालवतात आमचे तांडेल, जे बोटीत जन्मले असावेत असं वाटण्याइतके तिथे निवांत असतात.

तर पहिल्यांदा ती फळी मी उचलली, तेव्हा चौघंही हजर होतो. पाणी चांगलं वीतभर होतं. सगळ्यांनी वाकून पाहिलं आणि मग एक फार सुंदर चर्चा झाली.

"हे पावसाचं," साडू म्हणाले. पावसाळ्यात बोटीवर झावळ्या घालून शाकारण्याचं काम मेव्हण्याकडे होतं.

"पावसाचं कसलं? ग्लँडमधून येतंय," मेव्हणा म्हणाला. ग्लँड, म्हणजे पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तो जोड, आवळून घेण्याचं काम साडूंकडे होतं.

"बर्फ वितळून आलं असेल," मित्र म्हणाला. बर्फाची पेटी त्याची होती, पण तिच्यात काय गार होत होतं याची चौकशी कुणी करू नये म्हणून हे त्याने आधीच कबूल करून टाकलं.

मी म्हणालो, "चाखून बघू या. खारट लागलं तर समुद्राचं, गोडं लागलं तर पावसाचं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूचना ज्याची, अंमलबजावणी त्याची, हा भागीदारीचा नियम असल्याने मी ती लगेच मागे घेतली. तांडेल कडेवर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "सगळ्यांचंच हाय ते. पाणी काय नाव सांगून येतं होय?"

आणि खरंच तसंच आहे. बोटीवर कुणीही काहीही सांडो, पाडो, विसरो, ते शेवटी उतरत उतरत तळाशीच जातं. लाटेचं पाणी, धुतलेल्या डेकचं पाणी, डिझेल ओतताना सांडलेलं डिझेल, इंजिनाने घामासारखं सोडलेलं ऑइल. बरं, जातं ते एकत्र नांदायला जातं. हवा न लागता कुजत राहिलेल्या त्या गाळातून सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. त्यात डिझेल आणि नाखव्याच्या काळातले बांगडे मिसळले की जे तयार होतं, त्यापुढे अंडं सुवासिक वाटतं. पहिल्या उपशात आम्हाला पाण्याखाली सापडलं ते असं: मुठीत न मावण्याइतके माशाचे खवले, वेफर्सची पाकिटं, चष्म्याची एक काडी, बोट पाण्यात सोडताना फोडलेल्या नारळाची अर्धी करवंटी, आणि दहाचा पाना. हा पाना म्हणजे मेव्हण्याने "तुम्ही नेलात, परत दिला नाहीत" असं म्हणून मला दोन दिवाळ्या ऐकवलेला पाना. मी तो पुसून त्याच्या हातात ठेवला. तो म्हणाला, "बघा, म्हणजे तुम्ही इथे टाकलात."

यावर थोडा इतिहास सांगतो, म्हणजे हे फक्त आमच्याच घरचं नाही हे कळेल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिरॅक्यूजचा राजा दुसरा हिएरो याने सिरॅक्युसिया नावाचं अवाढव्य जहाज बांधून घेतलं. त्यात बागा होत्या, व्यायामशाळा होती, ग्रंथ ठेवायची खोली होती, अ‍ॅफ्रोडायटीचं देऊळसुद्धा होतं. एवढं सगळं वर असल्यावर खाली पाणी साठणारच. ते काढायला आर्किमिडीजचा स्क्रू बसवला होता, आणि अथेनिअस या लेखकाने नोंदवून ठेवलंय की त्या स्क्रूमुळे तळ कितीही भरला तरी एकटा माणूस तो सहज उपसू शकत असे. राजाचं नाव आपल्याला माहीत आहे, जहाजाचं आहे, बांधणाऱ्याचं आहे, स्क्रू शोधणाऱ्याचं तर शाळेतल्या पोरांनाही आहे. त्या एकट्या माणसाचं नाव कुणीही लिहून ठेवलेलं नाही. मला मात्र तो कोण असावा याची दाट शंका आहे. तो राजाचा साडू असणार. "सहज" हा शब्दही त्याला न विचारताच लिहिलेला आहे.

सहज म्हणजे काय, ते सांगतो. फळीखालचं भोक हे अशा माणसासाठी ठेवलेलं असतं जो बारीक आहे, लवचीक आहे आणि ज्याला एका हाताला कोपर एकाऐवजी दोन आहेत. होडी बांधणाऱ्या मिस्त्रीने हा माणूस कुठे पाहिला होता कोण जाणे. मी डोक्याकडून आत जातो. पोटाशी आलो की थांबतो. मग तांडेल माझे घोटे धरतात आणि विचारतात, "सोडू?" हा प्रश्न नक्की कुठल्या अर्थाने आहे ते मला खालून कळत नाही. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्पंज, कपाळाशी इंजिनाची अजून न निवलेली कड, आणि वर माझी मेव्हणी पाहुण्यांना सांगतेय, "ते दिसतायत ना पाय, ते आमचे भावोजी. त्यांना फार आवड आहे."

आणि उपसून भागत नाही. होडीच्या फासळ्यांना तळाशी लहान लहान भोकं असतात. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं वाहत सगळ्यात खोल जागी यावं म्हणून. कल्पना उत्तम. पण माशाचा एक खवला आडवा आला, त्याला गाळ चिकटला, की प्रत्येक कप्पा आपापलं तळं राखून बसतो. जुन्या लाकडी जहाजांत या भोकांतून एक साखळी ओवून ठेवलेली असे. ती पुढेमागे ओढली की सगळी भोकं साफ. मी साखळीऐवजी जाळ्याची जुनी नायलॉन दोरी ओवली. ती चौथ्या फासळीत अडकली. ओढली, तर पुढची फासळी करकरली. सोडली, तर आत गेली. आता भोकं बुजतात ती दोरीमुळे.

मग मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे या किनाऱ्यावरचं सर्वोच्च न्यायालय. त्यांनी आधी ग्लँडवर बॅटरी मारली. थेंब पडत होता. थांबला. पुन्हा पडला.

"हे गळतंय," साडू विजयी मुद्रेने म्हणाले. ग्लँड त्यांची, हे ते विसरले होते.

"गळायलाच पायजे," मिस्त्री म्हणाले. "शाफ्ट फिरताना थेंब थेंब पडलाच पायजे. आतलं पॅकिंग पाण्यावर गार राहतं. एकदम सुकं केलंत, तर तापून शाफ्टच खाईल."

ज्या दिवशी साडूंना कळलं की बोटीला गळणं आवश्यक आहे, त्या दिवसापासून त्यांनी ग्लँडला हात लावलेला नाही. पाण्याची धार लागली तरी म्हणतात, "मिस्त्रींनी सांगितलंय." शास्त्राचा आधार मिळालेला आळस हा कायमचा असतो.

मग मिस्त्रींनी बोट बुडवून तळातलं पाणी जिभेला लावलं. म्हणजे माझी सूचना इतकी काही वेडगळ नव्हती, एवढंच नमूद करतो. त्यांचा चेहरा पडला. "गोडं हाय. पावसाचं." आम्हाला वाटलं, आता आनंदाची बातमी येणार, समुद्र आत येत नाहीये. पण मिस्त्री बोटीच्या मयतीला आल्यासारखे बसले. "खाऱ्या पाण्याचं काय नाय हो. गोडं पाणी लाकूड कुजवतं. मीठ टाका तळात. जाडं मीठ."

हे खरं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं मानवत नाही. जुन्या काळी मोठमोठ्या लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मीठ भरत असत. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "एक गोणी जाडं मीठ आणायचंय." तिने विचारलं, "कशाला?" मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला बीपी म्हणून मी आमटीत चिमूट चिमूट मोजते, आणि तिकडे होडीला गोणी?" त्या दिवसापासून जेवताना मी मीठ मागितलं की ती म्हणते, "खाडीत जा."

स्पंज आणि डब्याला कंटाळून आम्ही शेवटी विजेवरचा पंप घेतला. हा तळात बसवतात. पाणी चढलं की त्याचा फ्लोट वर उचलला जातो, पंप आपोआप सुरू होतो, पाणी बाहेर, फ्लोट खाली, पंप बंद. माणसाने फळी उचलायची गरजच नाही. असं यंत्र माणसाला का सुचलं असेल ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुकानदाराने खोकं दाखवलं. "ताशी अकराशे गॅलन, साहेब. म्हणजे चार हजार लिटरच्या वर."

मी खोक्याची मागची बाजू वाचली. हा माझा जुना दोष आहे. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा आकडा शून्य उंचीचा आहे. "म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वर चढवायचं नसेल तर."

"पण पाणी खाली आहे आणि समुद्र कडेच्या पलीकडे. वर चढवल्याशिवाय बाहेर कसं जाणार?"

"मग थोडं कमी पडेल," दुकानदार म्हणाला. "पण सगळे हाच नेतात."

घरी येऊन मी हिशेब मांडला. पाण्याच्या रेषेखाली फूटभर खोल, एक इंच व्यासाचं एकच भोक पडलं, तर मिनिटाला सत्तरेक लिटर पाणी आत येऊ शकतं. म्हणजे तासाला चार हजार लिटर. म्हणजे अकराशे गॅलनचा पंप, शून्य उंचीवर, नव्या बॅटरीवर, सरळ नळीतून, देवाच्या कृपेने, एका इंचाच्या एका भोकाशी फार तर बरोबरी करील. मी हे भागीदारांना सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "तुम्ही भोक पाडायचंच कशाला म्हणताय?"

पंप बसवला माझ्या भाच्याने. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलं नाही. पंपाची नळी बोटीच्या कडेला जिथून बाहेर काढायची, तिथे मेव्हण्याने नुकताच केशरी पट्टा रंगवला होता. "पट्ट्यात भोक नको," मेव्हणा म्हणाला, "खाली काढ, दिसणार नाही." भाच्याने खाली काढलं. इतकं खाली, की डिझेल आणि पाण्याची पिंपं भरल्यावर ते भोक समुद्राच्या पातळीखाली गेलं आणि खरोखरच दिसेनासं झालं.

त्या रात्री काय झालं, ते आम्हाला सकाळी मिस्त्रींनी समजावून सांगितलं. तळात थोडं पाणी साठलं. फ्लोट उचलला गेला. पंपाने पाणी खाडीत टाकलं आणि थांबला. पंप थांबल्याबरोबर खाडी त्याच नळीने आत आली. फ्लोट पुन्हा वर. पंपाने पुन्हा टाकलं. खाडी पुन्हा आत. असा रात्रभर तो पंप तेच पाणी पुन्हापुन्हा बाहेर काढत राहिला. अगदी प्रामाणिकपणे, एकही तक्रार न करता, बॅटरीचा जीव जाईपर्यंत. मग खाडीने एकटीनेच काम चालू ठेवलं. नशीब, ओहोटी लागली आणि होडी गाळात बसली. नाहीतर डॉल्फिनच आम्हाला बघायला आले असते.

"नळी आधी वर न्यायची, कडेच्या अगदी खाली, वळसा घालून, मग बाहेर," मिस्त्री म्हणाले. "आणि भोक पाण्याच्या चांगलं वर."

"पण पट्टा..." मेव्हणा म्हणाला.

भाचा म्हणाला, "मामा, तत्त्वतः पंप बरोबर होता."

आता साडूंविषयी थोडं. ते नियमांचे भोक्ते. त्यांनी कुठेतरी वाचलं की मोठ्या जहाजांना तळाचं पाणी समुद्रात टाकायचं तर आधी गाळून घ्यावं लागतं, आणि त्यात दहा लाख भागांत पंधरा भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. मार्पोल म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातलं हे कलम. नियम 400 टनांच्या वरच्या जहाजांचा. आमची होडी अख्खी उचलून त्या जहाजाच्या डेकवर ठेवता येईल. पण तेल समुद्रात सोडू नये हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून कुणी बोललं नाही. फक्त आमच्या तळात तेलात पाणी किती भाग, असं उलटं मोजावं लागलं असतं.

मग आम्ही लाकडाचा भुसा टाकून तेल टिपलं, वरचा थर डब्यांत भरला, आणि डबे साडूंच्या अंगणात ठेवले, कारण नियम त्यांनी वाचला होता. ते जळकं ऑइल वाळवीला चांगलं म्हणून शेजारपाजारचे हळूहळू मागून नेऊ लागले. आज वाडीतले निम्मे वासे आणि कुंपणाचे खांब आमच्या बोटीच्या तळावर उभे आहेत. पर्यटकांपेक्षा ही शाखा जास्त चालते.

आणि मोठ्यांचं काय वेगळं असतं असंही समजू नका. 2013 साली एका नावाजलेल्या कंपनीच्या क्रूझ जहाजावर, जिथे वर पोहण्याचे तलाव आणि नाचगाणी चालतात, तिथे खाली गाळणयंत्राला वळसा घालून तळाचं तेलकट पाणी थेट समुद्रात सोडणारी एक नळी निघाली. खलाशी मंडळी तिला लाडाने जादूची नळी म्हणतात. ती उघडकीला आणली नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका इंजिनिअरने. म्हणजे त्यानेही फळी उचलली होती. 2016 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि 4 कोटी डॉलर दंड भरायची तयारी दाखवली. हे मी साडूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघा! आणि तुम्ही मला भुश्याचे पैसे मागता."

शेवटी मीच प्रस्ताव मांडला की तळाच्या सफाईचं वेळापत्रक करू. चौघांची पाळी. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. साडूंना गुरुवार नको, उपास असतो. मेव्हण्याला सोमवार नको, आणि अमावास्येला तो बोटीवर पाय ठेवत नाही. मित्राला शनिवार-रविवार नको, कारण तेव्हाच तो बोटीवर येतो. एकादशी, संकष्टी आणि भारताची मॅच असेल तो दिवस सगळ्यांना सुट्टी. हे सगळं सांभाळून जो तक्ता तयार झाला तो इतका सुबक होता की मित्राने बोटीसाठी आयुष्यात पहिल्यांदा खिशात हात घातला आणि तो लॅमिनेट करून आणला. तांडेलांच्या जागेवर, सुकाणूच्या बाजूला, दोन खिळ्यांवर तो टांगला. पर्यटक त्याचेही फोटो काढत.

परवा पाहुणे घेऊन निघायच्या वेळी पंपाचा आवाज येत होता, पण बाहेर थेंब पडत नव्हता. वर सगळे लाइफ जॅकेट घालून तयार. मी फळी उचलली. नेहमीसारखा डोक्याकडून आत गेलो, पोटाशी थांबलो, तांडेलांनी घोटे धरले. पंपाच्या खालच्या जाळीला काहीतरी सपाट, गुळगुळीत असं गच्च चिकटून बसलं होतं. बराच वेळ ओढल्यावर सुटलं. खिळे गंजून तो तक्ता कधी खाली घरंगळला होता कुणास ठाऊक. लॅमिनेशन मात्र अव्वल दर्जाचं निघालं. आत थेंबभर पाणी शिरलं नव्हतं.

"काय गावलं?" तांडेलांनी वरून विचारलं.

"वेळापत्रक."

"मग वाचा की. आज पाळी कुणाची?"

मी कोपराने तेल पुसून तारीख शोधली. "आज संकष्टी. सगळ्यांना सुट्टी."

तांडेल क्षणभर गप्प राहिले. माझे घोटे त्यांच्या हातातच होते.

"मग तुम्ही खाली काय करताव?"